एकाने हुकणारे अपूर्णांक

वर्तुळाचा परीघ काढायचा असला की उदाहरणाखाली सूचना असते: पायची किंमत २२/७ घ्या. पुढे आठवीत तीच मुले वाचतात की पाय ही अपरिमेय संख्या आहे, म्हणजे अंश आणि छेद दोन्ही पूर्णांक असलेला अपूर्णांक म्हणून ती लिहिताच येत नाही. एखादे चिकित्सक पोर इथे अडते. २२ पूर्णांक, ७ पूर्णांक; मग ही लिहून दाखवली की! ‘ती अंदाजे किंमत आहे’ असे उत्तर त्याला मिळते. उत्तर बरोबर आहे, पण त्याने शंका फिटत नाही, कारण खरी शंका त्याच्या पुढे आहे. २२/७ अंदाजे असेल, मान्य. पण शंभर-शंभर आकडी अंश आणि छेद असलेला दुसरा कुठलाच अपूर्णांक नेमका बसणार नाही, हे कशावरून? कोणी सगळे तपासून पाहिले आहेत का?

वास्तव संख्यांच्या सगळ्या प्रकरणात याहून चांगला प्रश्न नाही, आणि आपल्या शिकवण्यात त्यालाच जागा नाही. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत सहावीला पूर्णांक, सातवीला परिमेय संख्या, आठवीला अपरिमेय आणि नववीला वास्तव संख्या असा चढता क्रम आहे. चार वर्षे विषय समोर असूनही शेवटी मुलांच्या हाती उरतो तो व्याख्यांचा एक तक्ता आणि ‘खालील संख्यांचे वर्गीकरण करा’ हा एका गुणाचा प्रश्न. तक्त्याने नुकसान होते ते असे की मुले संख्येचा प्रकार तिच्या चेहऱ्यावरून ओळखू लागतात. मूळचिन्ह दिसले की अपरिमेय, दशांशचिन्हापुढे लांबलचक शेपूट दिसले की अपरिमेय, वजाचे चिन्ह दिसले की पूर्णांक. प्रत्यक्षात √४९ ही साधी ७ आहे, −३/५ पूर्णांक नाही, आणि लांब शेपटाची गोष्ट तर पुढे येणारच आहे. प्रकार ठरतो तो एका शोधाच्या निकालावर: या संख्येसाठी अपूर्णांक सापडतो का, आणि सापडत नसेल तर का सापडत नाही? तो शोध मुलांना स्वतः करायला लावल्याशिवाय ‘अपरिमेय’ हा शब्द त्यांच्यासाठी नुसता पाठांतराचा राहतो.

वर्तुळात वर्तुळ

फळ्यावरचे नेहमीचे चित्र आधी पाहू. सर्वांत आत नैसर्गिक संख्या, म्हणजे १, २, ३ अशा मोजायच्या संख्या. शून्य घेतले की पूर्ण संख्या. −१, −२ वगैरे आले की पूर्णांक. मग अपूर्णांकांसह परिमेय संख्या, आणि बाजूला एका वेगळ्या गोलात अपरिमेय. दोन्ही मिळून वास्तव संख्या. चित्रात चूक काहीच नाही, पण ते एक गोष्ट लपवते: प्रत्येक नवे वर्तुळ कुठल्या तरी अडचणीपोटी काढावे लागले आहे. तीनातून पाच वजा करता येईनात म्हणून ऋण संख्या हव्यात. तीन भाकरी चौघांत वाटता येईनात म्हणून अपूर्णांक हवेत. अडचण आधी आणि संख्या नंतर, हा क्रम ठेवला तर ‘५ ही पूर्णांक की परिमेय?’ असा प्रश्नच मुलांना चुकीचा वाटू लागतो. नव्या संख्या आल्या म्हणून जुन्या बाहेर जात नाहीत. ५ ही नैसर्गिकही आहे, पूर्णांकही आहे, आणि ५/१ असे लिहिता येते म्हणून परिमेयही आहे. एकमेकींना वगळणाऱ्या जाती चित्रात दोनच: परिमेय आणि अपरिमेय.

शिवाय हा चढता क्रम इतिहासाचा नाही, हेही शिक्षकाने मनाशी बाळगलेले बरे. अपूर्णांक शून्याहून आणि ऋण संख्यांहून फार जुने आहेत. इजिप्तमधल्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ऱ्हिंड पपायरसमध्ये अपूर्णांकांची रीतसर कोष्टके आहेत. धन आणि ऋण संख्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्ताने सांगितले ते इसवी सन ६२८ मध्ये, आणि युरोपातल्या काही गणितींना तर अठराव्या शतकातही ऋण संख्या पटत नव्हत्या. मुलांचेही तसेच आहे. पाव, पाऊण, दीड, अडीच हे शब्द मराठी घरातल्या मुलाच्या कानावर शाळेच्या आधीच पडलेले असतात, आणि पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे एके काळी तोंडपाठ असत. त्या मानाने −७ ही फार परकी चीज आहे. तेव्हा आतून बाहेर जाणाऱ्या वर्तुळांच्या क्रमानेच शिकवले पाहिजे, असा काही दंडक नाही. मूल जिथे उभे आहे तिथून, म्हणजे अपूर्णांकापासून सुरुवात केली तरी चालते. परिमेय-अपरिमेयच्या बाबतीत तर तेच सोयीचे.

भागाकार पुन्हा त्याच बाकीवर का येतो

अपूर्णांक दशांशात मांडायला लागलो की दोन प्रकार दिसतात. १/८ चे ०.१२५ होते आणि भागाकार संपतो; याला खंडित दशांश म्हणतात. १/७ चे ०.१४२८५७१४२८५७… असे होते आणि तेच सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. हा अखंड आवर्ती दशांश. परिमेय संख्येला तिसरी वाट नाही, असे पुस्तक सांगते. का नाही, हे मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि ते सांगायला पाचवीतला लांब भागाकार पुरतो.

एकाला सातने भागताना बाक्यांकडे लक्ष ठेवा. पहिली बाकी ३, मग २, मग ६, ४, ५ आणि मग १. सुरुवात आपण १ नेच केली होती. त्यामुळे इथून पुढे सगळे पहिल्यासारखेच घडणार. यात योगायोग काही नाही. सातने भागताना बाकी ० उरली तर खेळ संपला. नाही उरली तर ती १ ते ६ यांतलीच कुठली तरी असणार. वाड्यात सहाच खोल्या असतील आणि पाहुणे येतच राहिले, तर सातव्याला कुणाच्या तरी खोलीत शिरावेच लागते. तशी सातव्या पायरीपर्यंत कुठली तरी बाकी पुन्हा यावीच लागते, आणि ती आली की अंकांची तीच रांग पुन्हा सुरू. छेद कितीही मोठा असो, बाक्या छेदापेक्षा कमीच असतात. म्हणून प्रत्येक अपूर्णांक एक तर संपतो, नाही तर फिरून येतो. संपतो कधी, तेही यातूनच निघते: आपली मोजणी दहाची, दहाचे मूळ अवयव २ आणि ५, म्हणून संक्षिप्त रूपातल्या अपूर्णांकाच्या छेदात २ आणि ५ खेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तरच.

आता चेहऱ्याचा धोका बघा. १/१७ चे आवर्तन सोळा अंकांचे आहे: ०.०५८८२३५२९४११७६४७, आणि मग पुन्हा तेच. दहा-बारा अंकी कॅल्क्युलेटरवर ते पूर्ण दिसणारच नाही. १/९७ चे आवर्तन तर ९६ अंकांचे. पडद्याकडे बघून मूल म्हणेल की काही परत येत नाही, म्हणजे अपरिमेय. आणि ते चुकेल. उलट ०.१०१००१०००१००००१… ही संख्या घ्या. प्रत्येक १ नंतर आधीपेक्षा एक शून्य जास्त. हिच्यात नियम अगदी उघड आहे, पुढचा अंक कोणीही सांगेल, पण ठरावीक अंकांचा गट पुन्हा पुन्हा येत नाही. म्हणून ही अपरिमेय. ‘अपरिमेय संख्येच्या अंकांत काही नियम नसतो’ हे वर्गात सर्रास ऐकू येणारे वाक्य त्यामुळे सोडून दिलेले बरे. नियम असणे वेगळे आणि आवर्तन असणे वेगळे. कॅल्क्युलेटर मात्र या दोन्हींपैकी कशाचाही निवाडा देऊ शकत नाही, कारण तो पहिले काही अंक दाखवून थांबतो.

ज्याचा वर्ग दोन, असा अपूर्णांक

पाय अपरिमेय आहे हे आठवीत सिद्ध करून दाखवता येणार नाही. योहान लँबर्ट या गणितज्ञाने ते १७६० च्या दशकात सिद्ध केले, आणि त्याची रीत शाळेच्या आवाक्याबाहेरची आहे. तोवर हजारो वर्षे लोक एकाहून एक सरस अपूर्णांक वापरत होते. आर्किमिडीजने ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती घेऊन दाखवले होते की पाय ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठी आणि ३ पूर्णांक १/७ पेक्षा, म्हणजे २२/७ पेक्षा, लहान आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त दोन किमती दिल्या: ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही व्यवहारापुरती स्थूल. एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात २२/७ घेतल्याने परीघ सुमारे सव्वा मीटरने जास्त येतो. म्हणजे शाळेच्या वहीत जी सूचना कारण न देता येते, ती देणाऱ्याला साडेआठशे वर्षांपूर्वीही तिची मर्यादा पक्की ठाऊक होती. पण यातून ‘नेमका अपूर्णांक नाहीच’ हे कळत नाही. ते कळायला पाय बाजूला ठेवून दोनच्या वर्गमूळाकडे वळावे लागते, कारण तिथे सगळा पुरावा मुलांच्या हाताशी आहे.

एक एकक बाजूचा चौरस काढा. त्याचा कर्ण √२. पायथागोरसच्या सिद्धान्ताची वाट न पाहताही हे दिसते: कर्णावर चौरस काढला तर त्याचे क्षेत्रफळ मूळ चौरसाच्या दुप्पट भरते. कर्ण समोर दिसतो आहे, तेव्हा त्याला लांबी आहे यात शंका नाही. आता मुलांना सांगायचे, ज्याचा वर्ग नेमका २ येईल असा अपूर्णांक शोधा. म्हणजेच अशा दोन संख्या शोधा की अंशाचा वर्ग हा छेदाच्या वर्गाच्या दुप्पट भरावा. मुले ७/५ पर्यंत लवकर पोचतात: ४९ आणि ५०. एकाच्या फरकाने हुकले! मग त्यांना एक युक्ती द्यावी. अंश आणि छेद यांची बेरीज हा नवा छेद. त्यात जुना छेद पुन्हा मिळवला की नवा अंश. ७/५ वरून १७/१२ येतो, त्यावरून ४१/२९, आणि पुढे हवे तितके.

> चौकट: अंशाचा वर्ग आणि छेदाच्या वर्गाची दुप्पट
> ३/२ : ९ आणि ८
> ७/५ : ४९ आणि ५०
> १७/१२ : २८९ आणि २८८
> ४१/२९ : १६८१ आणि १६८२
> ९९/७० : ९८०१ आणि ९८००
> ५७७/४०८ : ३,३२,९२९ आणि ३,३२,९२८

दर वेळी फरक एकाचा. कधी एकाने जास्त, कधी एकाने कमी, पण शून्य कधीच नाही. यातले दोन अपूर्णांक जुन्या-नव्या व्यवहारातले आहेत. यज्ञवेदीच्या मापांसाठी रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रात कर्णाची लांबी काढायची रीत अशी: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. बेरीज-वजाबाकी केली की उत्तर नेमके ५७७/४०८ येते आणि दशांशचिन्हापुढच्या पाच स्थळांपर्यंत √२ शी जुळते. ९९/७० तर प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात पडलेला आहे. ए-फोर कागद २९७ बाय २१० मिलिमीटरचा. दोन्ही मापांना तीनने भागा. कागद मधोमध दुमडला तरी त्याचा आकार तसाच राहावा, या अटीतून बाजूंचे गुणोत्तर √२ निघते. जर्मनीत १९२२ साली ही मापे ठरली तेव्हा मिलिमीटर पूर्ण संख्येतच हवे होते, म्हणून √२ ऐवजी जवळचा अपूर्णांक पत्करावा लागला. याची खूण पुढच्याच मापात दिसते. २९७ चे निम्मे एकशे साडेअठ्ठेचाळीस, पण ए-फाइव्ह कागदाची रुंदी १४८ च धरली आहे.

दोनांची मोजदाद

आता मुलांची उत्सुकता ताणलेली असते: कधी तरी नेमके जमेल का? हीच सिद्धतेची वेळ. त्यासाठी मूळ अवयव पाडता येणे एवढीच तयारी लागते.

कुठल्याही संख्येचा वर्ग घ्या आणि त्याचे मूळ अवयव पाडून त्यात २ किती वेळा येतो ते मोजा. १२ मध्ये दोन वेळा, तर १४४ मध्ये चार वेळा. ४० मध्ये तीन वेळा, तर १६०० मध्ये सहा वेळा. १७ मध्ये एकदाही नाही, म्हणून २८९ मध्येही नाही. वर्गात प्रत्येक अवयव दोनदा येतो, त्यामुळे वर्गातल्या दोनांची संख्या नेहमी सम, शून्यही समच. आता छेदाच्या वर्गाची दुप्पट करा. वर्गात दोन सम वेळा होते, दुपटीने आणखी एक आला, म्हणजे ते विषम वेळा झाले. नेमका अपूर्णांक सापडला असता, तर अंशाचा वर्ग आणि ही दुप्पट या दोन्ही एकच संख्या ठरल्या असत्या. म्हणजे एकाच संख्येत २ हा अवयव सम वेळाही असता आणि विषम वेळाही. ते शक्य नाही. म्हणून असा अपूर्णांक नाही, ना शंभर आकडी, ना लाख आकडी. एकही न तपासता सगळे तपासून झाले. (संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे आपण यात गृहीत धरले. त्यालाही सिद्धता लागते, पण आठवीत ती बाजूला ठेवायला हरकत नाही.)

या मोजदादीचा आणखी एक फायदा आहे: ती कुठे लागू पडत नाही हेही ती स्वतःच सांगते. २ च्या जागी ३ किंवा ५ घ्या, तीच मोजणी तिनांची किंवा पाचांची करा, निकाल तोच. पण ४ घ्या. चारात दोन दोनदा येतो, सम सममध्ये मिळून समच राहतो, आणि विसंगती उभीच राहत नाही. राहणार कशी? √४ तर २ आहे. यावरून मुलांना स्वतःच कळते की √१ ते √१०० या शंभर मुळांपैकी पूर्ण वर्गांची दहा परिमेय आणि उरलेली नव्वद अपरिमेय. √०.०९ आणि √०.९ यांतली कोणती कुठल्या गटातली, हा फसवा प्रश्नही मग फसवा राहत नाही: ९/१०० चे मूळ ३/१०, पण ९/१० च्या छेदातला १० पूर्ण वर्ग नाही.

अपरिमेय संख्यांच्या शोधाची एक कथा वर्गात रंगवून सांगितली जाते, की पायथागोरसच्या पंथातल्या हिपॅससला हे गुपित फोडल्याबद्दल समुद्रात बुडवले. कथा चटकदार आहे, पण तिला भरवशाचा पुरावा नाही. त्यापेक्षा प्लेटोच्या ‘थिएटेटस’ या संवादातला उल्लेख सांगावा: थिओडोरस नावाचा शिक्षक आपल्या तरुण शिष्यांना तीनपासून सतरापर्यंतची मुळे एकेक करून दाखवतो आहे. बुडवाबुडवी नसली तरी हा गणिताचा वर्गच आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप व्यवहाराचा. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात, वजनकाट्यावर ग्रॅमच्या. मोजून हाती येते ते माप परिमेयच असते. नासाची जेट प्रपल्शन लॅबोरेटरीसुद्धा यानांच्या आंतरग्रहीय मार्गांच्या अचूक गणितासाठी पायचे दशांशचिन्हापुढचे पंधरा अंक पुरेसे मानते. मग अपरिमेय संख्या हव्यात कशाला? आक्षेपातले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष नाही. पंधरा अंक ‘पुरतात’ असे म्हणायला खरी किंमत आणि वापरलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी मान्य करावे लागते. ए-फोरच्या मापातली तूट कापणाऱ्या यंत्राच्या ढिसाळपणामुळे नाही. पूर्ण मिलिमीटरांत ती भरून निघणेच शक्य नाही. कोणती चूक हत्याराची आणि कोणती संख्येच्या स्वभावातली, हा फरक केवळ मोजून कळत नाही. शाळेत त्याची किंमत लगेच दिसते: √२ = १.४१४ असे बरोबरचे चिन्ह घालून लिहिणाऱ्या मुलाला १.४१४ चा वर्ग करायला सांगा. उत्तर १.९९९३९६.

दुसरा आक्षेप वेळेचा: बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सिद्धता झेपत नाहीत, आणि अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. वेळेची ओढ खरीच आहे. पण वर दिलेल्या शोधाला आणि मोजदादीला मिळून दोन-तीन तास पुरतील, आणि त्यात गुणाकार, मूळ अवयव, सम-विषम यांची उजळणी आपोआप होते. झेपण्याचे म्हणाल, तर ‘समजा असा अपूर्णांक आहे’ असे मानून विसंगतीपर्यंत जाण्याची रीत पहिल्या खेपेला सगळ्यांच्याच गळी उतरणार नाही, हे कबूल करायला हवे. चौकटीतला एकाचा फरक मात्र प्रत्येकाला दिसतो, आणि ज्याला सिद्धता अर्धवट कळली त्यालाही ती कशाबद्दल होती हे कळलेले असते.

गोल किती मोठा काढायचा

फळ्यावरच्या चित्रात एक गोष्ट मात्र खरोखर दिशाभूल करणारी आहे. परिमेय संख्यांचा गोल मोठा असतो, अपरिमेयांचा बाजूला जागा उरेल तेवढा, आणि आत √२, √३, पाय अशी तीन-चार नावे. संख्यारेषेवर कोणत्याही दोन परिमेय संख्या घ्या, त्यांच्या मधोमध तिसरी असतेच. बेरजेला दोनने भागा की मिळाली. त्यामुळे परिमेय संख्यांनी रेषा गच्च भरली असावी असे वाटते. तरीही एककाच्या चौरसाचा कर्ण कर्कटकात घेऊन रेषेवर ठेवला की कर्कटकाचे टोक अशा जागी टेकते जिथे एकही परिमेय संख्या नाही. अशी ठिकाणे अधूनमधून नाहीत. गिऑर्ग कँटरने १८७४ साली दाखवले की वास्तव संख्यांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक देऊन त्या सगळ्या एका यादीत बसवणे शक्यच नाही. परिमेय संख्यांना मात्र तसे क्रमांक देता येतात. म्हणजे संख्या खरोखर ओतप्रोत आहेत त्या अपरिमेयच, आणि गोल त्यांचाच मोठा काढायला हवा. कँटरची सिद्धता शाळेत नको, पण चित्राचे माप तरी सुधारता येईल.

आणि वर्गीकरणाचे काम संपलेले नाही, हेही नववीपर्यंत मुलांच्या कानावर घालावे. उच्च माध्यमिकला भेटणारी २.७१८२८… ही ‘ई’ नावाची संख्या अपरिमेय आहे हे सिद्ध झाले आहे, पाय अपरिमेय आहे हेही. पण त्या दोघींची बेरीज? अपरिमेय संख्यांची बेरीज परिमेय येऊ शकते. √२ मध्ये −√२ मिळवले की शून्य. पाय अधिक ई, ५.८५९८७…, या बेरजेचे दशांश हवे तितके काढता येतात. ती परिमेय की अपरिमेय, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.